रेंजच्या दांड्या आणि डेटाचा वेग : एका गैरसमजाचा इतिहास

मोबाईलच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात चार-पाच दांड्या असतात. त्या भरलेल्या असल्या की आपण म्हणतो, ‘रेंज फुल आहे.’ तरीही व्हिडिओ मध्येच अडतो, अर्ज भरताना पान उघडत नाही आणि पडद्यावरचे फिरते चक्र पाहत बसण्याची वेळ येते. उलट एखाद्या आडगावी दोनच दांड्या असताना अख्खा चित्रपट विनाअडथळा चालतो. हे असे का, हा प्रश्न विद्यार्थी मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देताना मला नेहमी इतिहासात शिरावे लागते. दांड्या ज्या काळात फोनवर आल्या, त्या काळी फोनकडून हवे असलेले कामच वेगळे होते. काम बदलले, दांड्या मात्र तशाच राहिल्या.

विषय केवळ कुतूहलाचा नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये फोनवर आली, तेव्हा मिझोराममध्ये परीक्षेसाठी टेकडी चढणारे, केरळात घराच्या छतावर बसून तास ऐकणारे आणि सिंधुदुर्गात डोंगरावरच्या झोपडीत अभ्यास करणारे विद्यार्थी देशाने बातम्यांतून पाहिले. त्यांची अडचण सर्वांना पटली, कारण त्यांच्या घरी फोनवर दांड्याच उमटत नव्हत्या. त्याच काळात मीही ऑनलाइन शिकवत होतो. शहरात, टॉवरच्या अगदी जवळ राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आवाज दर तासाला तुटत असे. त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. ‘रेंज तर पूर्ण दिसते आहे,’ असे मी त्याला म्हणालो आणि त्याचे सांगणे सबब म्हणून सोडून दिले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने असे म्हणायला नको होते. हा लेख एका अर्थाने त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

कलकत्ता, १८९५

बिनतारी लहरींच्या भारतीय इतिहासाची सुरुवात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत होते. १८९४ ते १८९६ या काळात जगदीशचंद्र बोस यांनी तेथे अत्यंत आखूड विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. त्यांची तरंगलांबी सुमारे ५ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंत होती. हाइनरिश हर्ट्झने काही वर्षांपूर्वी वापरलेल्या लहरींच्या तुलनेत त्या फारच आखूड होत्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील जाहीर प्रात्यक्षिकात बोस यांनी या अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी या संशोधनावर व्याख्यान दिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, बोस यांनी लहरी उत्पन्न करण्यावर जेवढे कष्ट घेतले, तेवढेच त्या टिपणाऱ्या साधनावरही घेतले. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या त्यांच्या संवेदकाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. प्रेषक कितीही जोरदार असो, समोरच्याला ती लहर इतर खळबळीतून वेगळी ओळखता आली नाही तर संदेश पोहोचत नाही, ही जाणीव या विषयाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. पण ‘ओळखता येणे’ म्हणजे नेमके किती, हे मोजायला पुढे अर्धे शतक लागले.

गोंगाटाचे मोजमाप

१९२८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात दोन निबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला जॉन जॉन्सन यांचा, दुसरा हॅरी नायक्विस्ट यांचा. दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत बेलच्या दूरध्वनी संस्थेत काम करणारे. जॉन्सन यांना असे आढळले होते की, कोणत्याही साध्या रोधकात, त्याला बॅटरी जोडलेली नसतानाही, एक सूक्ष्म विद्युत खळबळ सतत चालू असते. नायक्विस्ट यांनी तिचे कारण सिद्धान्ताने दाखवले. ती खळबळ म्हणजे उष्णतेमुळे चाललेली इलेक्ट्रॉनांची धावपळ होय. तिची शक्ती दोनच गोष्टींवर ठरते : तापमान, आणि आपण ऐकत असलेल्या वारंवारता-पट्ट्याची रुंदी, म्हणजे बँडविड्थ.

हा गोंगाट चांगल्या कारागिरीने नाहीसा होत नाही. सामान्य तापमानाला तो दर हर्ट्झमागे इतका असतो की, वॅटमध्ये लिहायचे तर दशांश चिन्हानंतर २० शून्ये मांडून मग ४ लिहावे लागतील. अशा संख्या लिहिणे गैरसोयीचे असल्याने अभियंते डीबीएम हे माप वापरतात. १ मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम. पुढे दर १० ने आकडा खाली गेला की शक्ती दहा पटींनी कमी होते. उणे १०० डीबीएम म्हणजे १ वॅटचा दहा लाख कोटीवा भाग. या मापात दर हर्ट्झमागचा गोंगाट उणे १७४ डीबीएम येतो. मोबाईलच्या सगळ्या हिशेबाचे हे जोते आहे.

या जोत्यावरची इमारत १९४८ साली उभी राहिली. बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी त्या वर्षी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. कोणत्याही मार्गावरून बिनचूक पाठवता येणाऱ्या माहितीला एक कमाल मर्यादा असते आणि ती मोजता येते, हे त्याचे सार होते. सूत्र शब्दांत सांगायचे तर असे : दर सेकंदाला पाठवता येणाऱ्या बिट्सची संख्या म्हणजे बँडविड्थ गुणिले ‘१ अधिक सिग्नल भागिले गोंगाट’ या संख्येचे २ पायाचे लॉगरिदम.

या एका ओळीत आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर आहे. पहिली गोष्ट, सूत्रात सिग्नल एकटा कोठेच येत नाही. तो सतत गोंगाटाने भागलेला येतो. दुसरी गोष्ट, हे गुणोत्तर लॉगरिदमच्या आत बसले आहे, तर बँडविड्थ बाहेर गुणक म्हणून उभी आहे. सिग्नल गोंगाटाच्या ३२ पट असताना तो दुप्पट केला, तर वेगाची मर्यादा जेमतेम २० टक्क्यांनी वाढते. उलट पट्टा दुप्पट रुंद केला आणि त्या प्रमाणात शक्ती पुरवली, तर वेग सरळ दुप्पट होतो. फोनवरच्या दांड्या या सूत्रातील फक्त अंशाविषयी बोलतात. छेदाविषयी आणि बँडविड्थविषयी त्या मौन पाळतात.

षटकोनी खोल्या आणि शेजारचा आवाज

१९४६ साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरात मोटारींमधील टेलिफोनची सेवा सुरू झाली. शहरभरासाठी एक उंच प्रेषक, आणि एका वेळी मोजकीच संभाषणे. वारंवारता थोड्या, मागणारे पुष्कळ. या कोंडीवर बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मधील एका अंतर्गत टिपणात तोडगा सुचवला. मोठे क्षेत्र लहान लहान षटकोनी खोल्यांत, म्हणजे सेलमध्ये विभागावे, प्रत्येक सेलला कमी शक्तीचा स्वतंत्र प्रेषक द्यावा आणि पुरेशा अंतरावरच्या सेलमध्ये तीच वारंवारता पुन्हा वापरावी. ‘सेल फोन’ या शब्दाचे मूळ येथे आहे.

ही कल्पना विलक्षण होती, पण तिची किंमतही होती. तीच वारंवारता दुसरीकडे वापरली म्हणजे तेथला आवाज थोडाफार इकडे ऐकू येणारच. आता छेदात केवळ उष्णतेचा गोंगाट राहिला नाही. त्यात शेजारच्या टॉवरचा व्यत्ययही जमा झाला. उष्णतेचा गोंगाट निसर्गाचा आहे. व्यत्यय मात्र आपण स्वतः, आपल्याच दाट वस्तीतून निर्माण केलेला आहे.

लहरी अंतरानुसार किती क्षीण होतात हे जाणण्यासाठी जपानमधील योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोक्यो परिसरात विस्तृत मोजण्या केल्या आणि १९६८ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १९८० मध्ये मासाहारू हाता यांनी त्या आलेखांना सोप्या सूत्रांचे रूप दिले. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की सिग्नल एक चतुर्थांश होतो. हाता यांच्या सूत्रानुसार ३० मीटर उंच अँटेनाच्या बाबतीत शहरात तो साधारण अकरा ते बारा पटींनी घटतो. इमारती, झाडे आणि भिंती आपला वाटा काढून घेतात. टेकडीवर चढणारे विद्यार्थी नकळत हाच वाटा वाचवत होते. टॉवर आणि फोन यांच्यामधला अडथळा त्यांनी स्वतःच्या पायांनी दूर केला.

पण उंची दर वेळी उपकारक ठरते असे नाही. शहरातील उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर खिडकीपाशी फोन धरला, तर एक नव्हे, अनेक टॉवर एकदम समोर येतात. प्रत्येकाचा सिग्नल जोरदार. दांड्या पूर्ण. पण फोनला हवा असलेला एक, आणि बाकीचे सगळे छेदात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस कितीही मोठ्याने बोलला, तरी त्याच वेळी आजूबाजूचे चौघे तितक्याच मोठ्याने बोलत असतील तर शब्द कळत नाहीत. तशीच ही अवस्था आहे.

३१ जुलै १९९५

भारतातील मोबाईलचा पहिला अधिकृत कॉल पुन्हा कलकत्त्यातूनच झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. सेवा जीएसएम पद्धतीची होती, म्हणजे आज ज्याला टू-जी म्हणतात ती.

त्या फोनचे काम एकच होते : आवाज पोहोचवणे. जीएसएमच्या मूळ पद्धतीत माणसाचे बोलणे सेकंदाला १३ हजार बिट्समध्ये बसवले जाई. ही गरज ठरीव होती. सिग्नल एका किमान पातळीच्या वर असला की बोलणे स्पष्ट ऐकू येई. त्या पातळीच्या हजार पट सिग्नल असला, म्हणून बोलणे हजार पट चांगले होत नसे. ती पातळी ओलांडली नाही तर आवाज तुटे, कॉल बंद पडे. शिवाय शेजारच्या सेलना वेगवेगळ्या वारंवारता वाटून दिलेल्या असत, त्यामुळे व्यत्यय आवाक्यात राही.

अशा व्यवस्थेत दांड्या हे प्रामाणिक साधन होते. ‘येथून बोलता येईल का, आणि थोडे आत सरकलो तर कॉल तुटेल का?’ एवढाच प्रश्न त्यांना विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर सिग्नलच्या ताकदीवरून बऱ्यापैकी देता येत होते. त्या पिढीने ‘रेंज’ हा शब्द मराठीत कायमचा रुजवला, तो याच अनुभवातून.

डेटा आला आणि प्रश्न बदलला

डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत सरकारी कंपनीने थ्री-जी सेवा सुरू केली. एप्रिल २०१२ मध्ये देशातील पहिली फोर-जी सेवा सुरू झाली, आणि योगायोग असा की तीही कोलकात्यातच. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त फोर-जी डेटा घरोघरी पोहोचला आणि फोन हे प्रामुख्याने बोलण्याचे साधन राहिले नाही.

डेटाची गरज आवाजासारखी ठरीव नसते. जितका वेग मिळेल तितका हवाच असतो. म्हणून फोर-जीमध्ये वेग परिस्थितीनुसार सतत बदलत राहतो. फोन टॉवरला सतत कळवत असतो की, सिग्नल आणि गोंगाट-व्यत्यय यांचे गुणोत्तर सध्या किती चांगले आहे. गुणोत्तर वाईट असेल तर टॉवर लहरीच्या एका संकेतावर २ बिट्स लादतो. सुधारले तर ४, आणखी सुधारले तर ६, अगदी उत्तम असेल तर ८. सोबत चूक दुरुस्त करण्यासाठी जोडायच्या जादा बिट्सचे प्रमाणही बदलते. हा निर्णय सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अवधीत पुन्हा पुन्हा घेतला जातो. पडद्यावरच्या दांड्यांना या संवादाची गंधवार्ताही नसते.

त्यात भर अशी की, फोर-जीमध्ये शेजारचे सेल बहुधा तीच वारंवारता वापरतात. पट्टा मौल्यवान असल्याने तो वाटून टाकणे परवडत नाही. त्यामुळे सेलच्या सीमेवर व्यत्यय तीव्र असतो.

आता दोन काल्पनिक ठिकाणे घेऊन हिशेब करू. दोन्हीकडे पट्टा २० मेगाहर्ट्झचा आहे.

पहिले ठिकाण आडगावचे. फोर-जी फोन सिग्नल मोजतो तो १५ किलोहर्ट्झच्या एका बारीक पट्टीपुरता. येथे तो उणे ११० डीबीएम आहे, म्हणजे दांड्या दोनच. तेवढ्याच पट्टीतील उष्णतेचा गोंगाट उणे १३२ डीबीएम येतो. फोनच्या स्वतःच्या विद्युतमंडलाची सुमारे ७ डेसिबलची भर धरली तर उणे १२५. जवळपास दुसरा टॉवर नाही, म्हणून व्यत्यय नाही. फरक १५ डेसिबल, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या साधारण ३२ पट. शॅनन यांच्या सूत्राने दर हर्ट्झमागे सेकंदाला ५ बिट्स. २० मेगाहर्ट्झवर १०० मेगाबिट्सची मर्यादा.

दुसरे ठिकाण शहरातील गजबजलेल्या चौकाचे. सिग्नल उणे ७५ डीबीएम, म्हणजे आडगावापेक्षा तीन हजार पटींहून अधिक जोरदार. दांड्या पूर्ण. पण शेजारच्या टॉवरचा त्याच वारंवारतेवरचा सिग्नल उणे ७८ डीबीएम आहे. फरक अवघा ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट. सूत्रात घातले तर दर हर्ट्झमागे सेकंदाला १.६ बिट्स, आणि एकूण मर्यादा ३२ मेगाबिट्स.

सिग्नल तीन हजार पट, वेग एक तृतीयांश. शिवाय हा वेग एका माणसाचा नाही. तो त्या सेलमधील सर्व वापरकर्त्यांत वाटला जातो. चौकात शंभर जण एकाच वेळी व्हिडिओ पाहत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मेगाबिटाचा तिसरा हिस्सा येईल. आडगावात त्या घटकेला कदाचित पाचच जण जागे असतील. क्रिकेटच्या मैदानात, यात्रेत, रेल्वे फलाटावर किंवा परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवशी दांड्या हलत नाहीत आणि पान उघडत नाही, त्याचे कारण हेच. प्रत्यक्षातील वेग शॅननच्या मर्यादेपेक्षा कमीच असतो. दोन्ही ठिकाणांचा परस्परसंबंध मात्र असाच राहतो.

दांड्या आणखी काय लपवतात

पहिली गोष्ट, परतीचा रस्ता. मोठा टॉवर साधारण २० ते ४० वॅट शक्तीने बोलतो. फोर-जी फोन मात्र जास्तीत जास्त ०.२ वॅटने उत्तर देतो. दांड्या मोजतात ते टॉवरचे बोलणे. तुमचे बोलणे टॉवरपर्यंत पोहोचते आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. शिक्षकांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण आपला त्यांच्यापर्यंत जात नाही, हा अनुभव येथून येतो. टॉवरचे संवेदनक्षम अँटेना ही दरी बरीचशी भरून काढतात, पण जाड भिंतींच्या आड ती उघडी पडते.

दुसरी गोष्ट, दांड्यांना सर्वमान्य माप नाही. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट प्रकारे धरल्यावर दांड्या घसरतात म्हणून मोठा गदारोळ झाला. तेव्हा ॲपलने जाहीर पत्रात मान्य केले की, दांड्या मोजण्याचे आपले सूत्रच चुकीचे होते आणि अनेकदा ते दोन दांड्या जास्त दाखवत होते. पुढे सॉफ्टवेअर बदलून ते दुरुस्त करण्यात आले. लहरी त्याच राहिल्या. बदलले ते चित्र.

तिसरी गोष्ट सर्वांत सुंदर आहे, आणि तिच्यामागे दोन भारतीय नावे आहेत. थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात जन्मले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवीधर झाले. आरोग्यस्वामी पॉलराज तामिळनाडूतील पोल्लाचीचे. भारतीय नौदलात असताना त्यांनी ‘अप्सो’ या स्वदेशी सोनारच्या निर्मितीचे नेतृत्व केले. दोघे स्टॅनफर्ड विद्यापीठात एकत्र आले. एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी, अनेक अँटेनांतून वेगवेगळे माहितीप्रवाह पाठवता येतील, या कल्पनेचे पेटंट त्यांना १९९४ मध्ये मिळाले. आज ‘मायमो’ नावाने ओळखले जाणारे हे तंत्र फोर-जी आणि फाइव्ह-जीचा कणा आहे. भिंतींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींना तोपर्यंत केवळ शत्रू मानले जाई. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या त्या लहरी गणिताने सुट्या केल्या, तर प्रत्येक वाट एक स्वतंत्र रस्ता होते. पट्टा न वाढवता वेग दुप्पट, चौपट करण्याची ही युक्ती आहे. तुमच्या फोनला एका क्षणी असे किती रस्ते मिळत आहेत, याचीही दांड्यांत नोंद नसते.

बोस यांच्या लहरींकडे परत

ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या स्पेक्ट्रम लिलावात ३३०० मेगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ हे नवे पट्टे विकले गेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचा आरंभ झाला. हे पट्टे का, याचे उत्तर पुन्हा त्याच सूत्रात आहे. सिग्नल वाढवून वेग फारसा वाढत नाही, कारण तो लॉगरिदमच्या आत अडकला आहे. रुंद पट्टा हवा, आणि रुंद पट्टे उच्च वारंवारतांकडेच शिल्लक आहेत. ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका वाहिनीला १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी देता येते, २६ गिगाहर्ट्झला ४०० मेगाहर्ट्झपर्यंत.

आणि २६ गिगाहर्ट्झची तरंगलांबी किती? सुमारे ११.५ मिलिमीटर. प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्या प्रयोगशाळेत बोस यांनी हाताळलेल्या ५ ते २५ मिलिमीटरच्या मर्यादेत ती अगदी मधोमध बसते. सव्वाशे वर्षांनी देशाने त्याच लहरी लिलावात विकत घेतल्या. अर्थात त्या भिंती आणि पाने यांच्यापुढे लवकर हार मानतात, म्हणून त्यांच्यासाठी लहान, जवळजवळचे अँटेना लागतात. येथेही फोनवर ‘फाइव्ह-जी’ हे चिन्ह दिसले म्हणजे वेग आला, असे समजण्याचा मोह होतो. चिन्ह तंत्राचे नाव सांगते. पट्टा किती रुंद आहे आणि तो किती जणांत वाटला जात आहे, हे ते सांगत नाही.

‘टॉवरची शक्तीच वाढवा’ ही मागणी अनेकदा ऐकू येते. सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश ठेवलेली आहे. पण ती मर्यादा नसती तरी शक्ती वाढवून शहरातला प्रश्न सुटला नसता. सर्व टॉवर दुप्पट मोठ्याने बोलू लागले, तर अंश आणि छेद दोन्ही दुप्पट होतील आणि गुणोत्तर जेथल्या तेथे राहील. उपाय वेगळे आहेत : लहान सेल, रुंद पट्टे, अँटेनांची नेमकी दिशा आणि टॉवरपर्यंत पोहोचणारी फायबरची पुरेशी जोडणी. यांतील शेवटचा उपाय तर लहरींच्या जगाबाहेरचा आहे. टॉवरमागची तारच अरुंद असेल, तर हवेतले सगळे गणित उत्तम असूनही वेग मिळत नाही.

नकाशा आणि नागरिक

२०२३ च्या आरंभी केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या सेकंदाला ५१२ किलोबिट्सवरून २ मेगाबिट्सवर नेली. २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण कव्हरेजचा नकाशा मूलतः तेच सांगतो जे दांड्या सांगतात : येथे सिग्नल पोहोचतो. रात्री नऊ वाजता, सगळे घरी असताना, येथे २ मेगाबिट्स मिळतात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारावा लागेल. रंगवलेल्या नकाशात राहणाऱ्या माणसाची तक्रार सबब ठरू नये, यासाठी हा भेद नागरिकांना, पत्रकारांना आणि धोरण आखणाऱ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलचा डीबीएम आकडा दिसतो. नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ हे ॲप वेग मोजते. घरातील एकाच जागी, फोन एकाच स्थितीत ठेवून, आठवडाभर पहाटे सहाला आणि रात्री नऊला दोन्ही आकडे वहीत लिहा. मग एका अक्षावर डीबीएम आणि दुसऱ्यावर वेग घेऊन आलेख काढा. पहाटेचे आणि रात्रीचे बिंदू वेगळ्या रंगांत दाखवा. सिग्नल फारसा न हलता वेग किती वर-खाली होतो, हे तुमच्या हातांनी काढलेल्या आलेखात उमटेल.

मी हा प्रयोग त्या विद्यार्थ्याच्या प्रसंगानंतर स्वतःच्या घरी केला. पहाटे आणि रात्री आकडा जवळपास तोच होता. वेग मात्र रात्री इतका ढासळत असे की चेहरा दिसणे अशक्य व्हावे. त्याच्या तासाची वेळ संध्याकाळची होती, आणि त्याची इमारत तीन टॉवरच्या मध्ये उभी होती. पुढच्या भेटीत मी त्याला तो आलेख दाखवला आणि त्याची क्षमा मागितली.